रूपकं भाषेगणिक कशी बदलतात? तुलना कशी करायची, कुठे फसते

अन्वय

रूपकांचा विषय निघाला की चर्चा लगेच वाक्प्रचारांच्या यादीवर येते. ते असं म्हणतात, आपण तसं म्हणतो. यादी वाचायला छान वाटते, पण फरक नेमका कुठे आहे हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी हा धागा.

'रूपक' हा शब्द इथे भाषाशास्त्रज्ञ लेकॉफ आणि तत्त्वज्ञ जॉन्सन यांनी 1980 साली मांडलेल्या व्यापक अर्थाने घेऊ: एका अनुभवक्षेत्राच्या शब्दांत दुसऱ्या क्षेत्राबद्दल बोलणं. 'वेळ वाचवला', 'वेळ खर्ची पडला' ही या अर्थाने रूपकंच, कवितेचा संबंध नसला तरी.

माझं म्हणणं एवढंच, की तुलना पातळी ठरवून करावी. राग घ्या. रागावलेला माणूस म्हणजे आत दाब वाढत चाललेलं भांडं, ही चौकट इंग्रजी, हंगेरियन, जपानी, चिनी अशा एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांत सापडते. इथे थांबलं तर 'रूपकं सार्वत्रिक आहेत' असं वाटतं. एक पायरी खाली उतरलं की चित्र बदलतं. इंग्रजीत त्या भांड्यात गरम द्रव असतो. चिनीत, निंग यू यांनी 1995 साली दाखवल्याप्रमाणे, तो 'छी' म्हणजे वायू असतो आणि तो तापलेला असायलाच हवा असं नाही. जपानीत राग 'हारा'त म्हणजे पोटात साठतो, मग 'मुने'त म्हणजे छातीत चढतो आणि शेवटी 'आतामा'त म्हणजे डोक्यात पोचतो. तोवर माणूस स्वतःला आवरू शकतो.

आता मराठी. भडकणे, पेटणे, धुमसणे, आगपाखड करणे, अंगाची लाही होणे, तळपायाची आग मस्तकात जाणे. यातलं बहुतेक सगळं कोरड्या आगीचं आहे. 'रक्त उसळलं', 'राग उफाळून आला' अशी द्रवाची उदाहरणंही आहेत, पण झाकण उडणं, वाफ कोंडणं हे तपशील आपल्याकडे रागासाठी फारसे रुळलेले नाहीत. आणि उकळण्याचं काय? मराठीत उकळ्या फुटतात त्या आनंदाच्या! जो स्रोत इंग्रजीने रागाला दिला, तो आपण हर्षाला दिला. शरीराचा अनुभव तोच, पण त्यातला कोणता तुकडा कोणत्या भावनेला द्यायचा ते भाषेने ठरवलं.

म्हणून तीन प्रश्न वेगळे ठेवावेत: चौकट कोणती, चौकटीत भरलेला पदार्थ कोणता, आणि तोच पदार्थ त्या भाषेत आणखी कुठे वापरला जातो. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

केतकी_र

उकळ्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याला जोडून पद्धतीबद्दल लिहिते, कारण 'हे रूपक आहे' हे ठरवतानाच दोन माणसांचं एकमत होत नाही आणि पुढची सगळी तुलना तिथेच डळमळते.

प्रॅगलजॅझ या रूपक-संशोधकांच्या गटाने 2007 साली रूपक ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. आधी पूर्ण मजकूर वाचायचा. मग त्याचे शब्दघटक पाडायचे. प्रत्येक घटकाचा संदर्भातला अर्थ लिहायचा. त्याच शब्दाला आजच्या भाषेत याहून मूलभूत अर्थ आहे का ते पाहायचं. मूलभूत म्हणजे जास्त मूर्त, शरीराच्या हालचालीशी जोडलेला, जास्त नेमका. दोन्ही अर्थ वेगळे असतील आणि पहिला दुसऱ्याशी तुलना करून समजत असेल, तर रूपक म्हणून खूण करायची. अॅमस्टरडॅमच्या फ्री विद्यापीठातल्या गटाने 2010 साली हीच पद्धत आणखी काटेकोर केली आणि इंग्रजीच्या चार प्रकारच्या मजकुरांवर चालवली. शास्त्रीय लेखनात 18.5 टक्के शब्द रूपकात्मक निघाले, बातम्यांत 16.4, ललित लेखनात 12च्या आसपास आणि बोलण्यात 7.7. म्हणजे एका भाषेच्या पोटातच दुपटीहून जास्त फरक आहे. मराठी कादंबरीची इंग्रजी बातम्यांशी तुलना करून 'मराठीत रूपकं कमी' म्हटलं, तर मोजला गेला तो लेखनप्रकार. भाषा राहिली बाजूलाच.

मराठीत ही पद्धत कुठे अडते ते एका वाक्यावर दाखवते:

'या निर्णयामुळे संस्थेवर पुढच्या वर्षापर्यंत कर्जाचं ओझं असेल.'

छापलेले शब्द 8. रूपकं दोन: 'पुढच्या' (मुळात समोरची जागा, इथे नंतरचा काळ) आणि 'ओझं'. प्रमाण 25 टक्के. आता शब्दयोगी अव्ययं सुटी करा: मुळे, वर, पर्यंत. घटक झाले 11. 'वर' आणि 'पर्यंत' दोन्ही जागेवरून आलेले, म्हणून रूपकं 4, प्रमाण 36 टक्के. वाक्य तेच, आकडा दीडपट! इंग्रजीत ही कामं करणारे शब्द सुटे लिहिले जातात, त्यामुळे तिथे ते आपोआप मोजले जातात. मराठीत ते चिकटून येतात आणि निसटतात. भाषांची तुलना करायची तर अव्ययं सुटी करूनच मोजावं असं माझं ठाम मत आहे.

'मुळे' मी रूपक म्हणून का मोजलं नाही? 'मूळ' हे नाम आहे, 'मुळे' हे अव्यय. अॅमस्टरडॅमच्या नियमाप्रमाणे अर्थांची तुलना एकाच शब्दजातीत करायची, म्हणून ते सुटतं.

दुसरी अडचण संयुक्त क्रियापदांची. 'लिहून टाकलं', 'हरवून बसला', 'सांगून ठेवलं'. इथे टाकणे, बसणे, ठेवणे यांचं मूळ काम उरलेलं नाही. क्रिया पुरती झाली, हातून गेली, पुढच्यासाठी करून ठेवली अशा छटा तेवढ्या आहेत. ही जोडी एक घटक धरावी आणि वेगळ्या रकान्यात नोंदवावी. सुटी मोजली तर मराठीचा आकडा विनाकारण फुगतो.

वाङ्मयी

केतकीताई, तुम्ही दिलेली शेवटची पायरी आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याच्या, तीन अटी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध (तो संदर्भात न जुळणं), मुख्यार्थाशी योग (नव्या अर्थाचं त्याच्याशी नातं), आणि रूढी (रुळलेला वापर) किंवा प्रयोजन (खास हेतू). पहिल्या दोन अटी जवळजवळ तुमचीच कसोटी. तिसरी जास्तीची आहे आणि फार उपयोगी आहे, कारण ती रुळलेलं रूपक आणि हेतुपुरस्सर केलेलं रूपक वेगळं करते.

धाग्यात घोटाळा होऊ नये म्हणून एक सांगते. अलंकारशास्त्रातलं 'रूपक' फार अरुंद आहे; त्यात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर लागतात. 'वेळ वाया गेला' हे त्या अर्थाने रूपक अलंकार नव्हे. ते लक्षणेत मोडतं, आणि त्यातही सादृश्यावर उभी असलेली गौणी वेगळी, इतर संबंधांवर उभी असलेली शुद्धा वेगळी. 'गंगेवर गवळीवाडा' हे शुद्धेचं प्रसिद्ध उदाहरण: गंगेवर म्हणजे तिच्या काठावर. तिथे सामीप्य आहे, सादृश्य नाही.

जुन्या अर्थाचा वाद मात्र सांगायलाच हवा. मम्मटाने रूढ लक्षणेचं उदाहरण दिलं 'कर्मणि कुशलः'. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचं गवत नीट कापून आणणारा, पुढे कोणत्याही कामात तरबेज. चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात यावर आक्षेप घेतला. शब्दाची व्युत्पत्ती एक आणि तो वापरला जाण्याचं निमित्त दुसरं. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानलं तर 'गौः शेते', गाय झोपली आहे, हेसुद्धा लक्षणेचं उदाहरण होईल, कारण 'गो' शब्द 'जाणे' या धातूपासून आला आहे!

2007च्या पद्धतीत 'ऐतिहासिकदृष्ट्या जुना' ही मूलभूत अर्थाची एक खूण होती, 2010च्या आवृत्तीने ती वगळली. वाद तोच आणि निकालही विश्वनाथाच्या बाजूने.

अन्वय

उत्तम. यातून कोशांचाही प्रश्न सुटतो. मोल्सवर्थचा कोश 1831चा, सुधारलेली आवृत्ती 1857ची. शब्दाचा प्रवास पाहायला तो अमोल आहे, पण 'आजचा मूलभूत अर्थ' त्याच्यावरून ठरवू नये. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही 1930च्या दशकातला. मूर्त अर्थ आज जिवंत आहे का हे चालू वापरातली उदाहरणं पाहूनच ठरवावं लागेल.

पश्चिमवारा

काळाबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, मी लिहितो. मराठीत गंमत अशी की 'मागे' आणि 'पश्चात' या दोन्हींचा मूळ अर्थ पाठीमागे, पण 'मागे एकदा' म्हणजे भूतकाळ आणि 'त्यांच्या पश्चात' म्हणजे नंतरचा काळ. एकाच भाषेत पाठ भूतकाळाकडेही आणि भविष्याकडेही कशी?

उत्तर संदर्भबिंदूत आहे. 'मागे', 'पुढच्या वर्षी' यांत मोजणारा मी आहे. माझं तोंड भविष्याकडे. 'पूर्वी', 'पश्चात' यांत घटना एकामागून एक चाललेल्या आहेत. आधीची पुढे, नंतरची तिच्या पाठी. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचा, पूर्व दिशेचा आणि आधीचा. 'पश्चिम' म्हणजे पाठचा, पश्चिमेचा आणि नंतरचा. तुलना करताना या दोन व्यवस्था वेगळ्या काढल्या नाहीत तर 'अमुक भाषेत भविष्य पाठीमागे असतं' असे खोटे शोध लागतात. जगातल्या अनेक भाषांत 'नंतर' हा शब्द 'पाठी'वरून येतो, पण तो क्रमाचा शब्द असतो. बोलणाऱ्याच्या पाठीशी त्याचा संबंध नसतो.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली आयमारा भाषा इथे खरा अपवाद ठरते. 'नायरा' म्हणजे डोळा, समोर आणि भूतकाळ. 'खिपा' म्हणजे पाठ आणि भविष्य. नुन्येझ आणि स्वीट्सर यांनी 2006 साली हातवारे तपासले, कारण शब्दांवरून हा वाद मिटणारच नव्हता. वयस्कर आयमारा भाषक जुन्या गोष्टींबद्दल बोलताना हात पुढे नेत होते, तेही मी-केंद्री बोलण्यात. स्पॅनिश अस्खलित बोलणाऱ्या तरुणांचे हातवारे मात्र स्पॅनिश वळणाचे होते.

लोक काळाची दिशा कशी धरतात हे तपासणाऱ्या बैठकीच्या प्रयोगाचं उदाहरणही नेमकं आहे. इंग्रजीत 'बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड नेली' म्हटलं की काही जण सोमवार समजतात, काही शुक्रवार. मराठीत 'पुढे ढकलली' म्हणजे शुक्रवारच. सोमवार हवा असेल तर 'अलीकडे घेतली' म्हणावं लागतं. संदिग्धतेवर आधारलेला तो प्रयोग मराठीत जसाच्या तसा उचलला तर काहीही निष्पन्न होणार नाही. 'परवा'वर बेतलेला प्रयोग मराठीत जास्त बोलका होईल, कारण तो शब्द दोन्ही दिशांना जातो आणि अर्थ क्रियापदच ठरवतं.

सायली_भा

पश्चिमवारा, पूर्व-पश्चिमवरून थेट विचारपद्धतीवर उडी मारता येईल का? ऑस्ट्रेलियातल्या पोर्मपुराव वस्तीतल्या लोकांनी चित्रांचा क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे लावला, तोंड कुठेही असलं तरी. 'पूर्व' म्हणजे आधीचा, तर संस्कृत बोलणारेही तसंच करत असतील?

पश्चिमवारा

नाही, तशी उडी मारता येणार नाही. बोरोडिट्स्की आणि गॅबी यांचा 2010चा तो निष्कर्ष मांडणीच्या कामातून आला. शब्दांवरून काढलेला नाही. त्या समाजात रोजच्या बोलण्यात डावं-उजवं न वापरता दिशाच वापरतात आणि तो सराव सतत चालू असतो. 'पूर्वी' म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्या क्षणी पूर्व कुठे आहे हे ठाऊक असायची गरजच नाही.

उलट्या बाजूचा पुरावा आणखी मोलाचा आहे. मोरोक्कोतली दारिजा अरबी भविष्याला समोरच ठेवते, स्पॅनिशसारखी. तरीही 2014 साली दे ला फुएंते आणि सहकाऱ्यांनी समोर आणि पाठीमागे अशा दोन खोक्यांचं काम दिलं तेव्हा बहुतेक मोरोक्कन सहभागींनी भूतकाळ समोरच्या खोक्यात ठेवला. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की ज्या काळाकडे समाजाचं लक्ष जास्त, तो समोर येतो. म्हणजे भाषेतलं रूपक एक सांगतं आणि डोक्यातली मांडणी दुसरंच.

चिनीत 'वरचा महिना' म्हणजे गेला महिना, 'खालचा' म्हणजे येणारा. म्हणून चिनी भाषक काळाचा विचारही उभा करतात असं सांगणारा 2001चा गाजलेला प्रयोग 2007 साली दोन स्वतंत्र गटांना पुन्हा करून दाखवता आला नाही. 2011 साली वेगळ्या पद्धतीने फरक दिसला. चिनी लोक काळाचा विचार उभा करतात असं सरसकट लिहिणाऱ्यांनी ही सगळी साखळी सांगितली पाहिजे, अर्धी नव्हे.

मंद्रसप्तक

भाषा आणि विचार यांचा संबंध स्वच्छ दिसतो तो स्वरांच्या बाबतीत. डच भाषेत स्वर उंच आणि खालचे असतात, फारसीत पातळ आणि जाड. डोलशाइड, शायान, मजीद आणि कासासांतो यांनी 2013 साली सहभागींना स्वर ऐकवून तोच गाऊन दाखवायला सांगितलं. पडद्यावर त्याच वेळी रेष दिसायची. रेष वर-खाली सरकली की डच लोकांचा स्वर हलायचा. रेषेची जाडी बदलली की फारसी लोकांचा. पुढे काही डच सहभागींना जाड-पातळ असं बोलण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचाही स्वर जाडीने हलायला लागला. कामात शब्द नव्हते, म्हणून हा पुरावा भक्कम. पुढच्याच वर्षी चार महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात दोन्ही संबंध दिसले. म्हणजे उंची आणि जाडी दोन्ही वाटा सुरुवातीला मोकळ्या असतात, भाषा त्यातली एक रुंद करते.

मराठीत दोन्ही आहेत. बोलण्याच्या आवाजाला 'जाड' आणि 'बारीक', गाण्यात 'वरचा सा', 'चढी पट्टी'. गाणं शिकलेले आणि न शिकलेले मराठी भाषक या रेषेच्या प्रयोगात वेगळे वागतील का, हा तपासण्याजोगा प्रश्न आहे. मात्र 'बारीक आवाज' म्हणजे हळू आवाज असाही अर्थ होतो, त्यामुळे तीव्रता स्थिर ठेवली नाही तर निकाल गढूळ होईल.

सायली_भा

प्रयोग बाजूला ठेवू. मला फक्त मजकुरातून रागाची रूपकं मोजायची आहेत, मराठी आणि इंग्रजी. सुरुवात कशी करू?

केतकी_र

लक्ष्यशब्दापासून, म्हणजे ज्या भावनेबद्दल बोललं जातं तिच्या नावापासून. स्टेफानोविच यांनी 2006 साली भावनांच्या इंग्रजी शब्दांसाठी हेच केलं: शब्दाच्या हजार नोंदी यदृच्छेने निवडायच्या आणि प्रत्येकीत त्या शब्दाबरोबर कोणत्या मूर्त क्षेत्राचे शब्द आले ते लिहायचं. 'राग गिळला', 'राग नाकावर', 'राग काढला', 'राग धरला'. मग क्षेत्रवार गट करायचे: आग, वस्तू, आत-बाहेर वगैरे.

मराठीत शोध घेताना मात्र जपून. 'राग' टाकलात की संगीतातले राग धो-धो येतात, त्यामुळे यमन, मैफल, आलाप अशा शेजारशब्दांच्या नोंदी आधी बाजूला काढा. 'रागरंग' वेगळा काढा. 'रागा' एवढाच तुकडा शोधलात तर 'रागाने', 'रागाच्या' बरोबर 'रागावला' आणि 'रागात गायलेली बंदिश' दोन्ही येतील. 'संताप', 'चीड', 'क्रोध' यांची प्रत्येकाची वेगळी यादी करा. 'संताप' आणि 'ताप' यांचं नातं मोजणीत घ्यायचं की नाही हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. विश्वनाथाच्या न्यायाने घेऊ नये.

या पद्धतीतलं छिद्र असं की 'तो भडकला', 'तिचं डोकं फिरलं' यांत 'राग' शब्दच नसल्याने ती हाती लागत नाहीत. त्यासाठी दुसरी फेरी स्रोतशब्दांनी, म्हणजे प्रतिमा जिथून घेतली त्या क्षेत्राच्या शब्दांनी, करा: भडक, पेट, धुमस, डोकं. या फेरीत प्रत्यक्ष आगीच्या बातम्या हाताने गाळाव्या लागतात. दोन्ही फेऱ्यांचे आकडे एकत्र मिसळू नका.

खुणा दोघांनी स्वतंत्रपणे कराव्यात आणि जुळणी 'कप्पा' (kappa) या, योगायोगाने होणारं एकमत वजा करणाऱ्या, मापाने काढावी. 0.8च्या वर असेल तर पुढे जा. खाली असेल तर एकमेकांना पटवत बसू नका. नियम दुरुस्त करा आणि नव्या मजकुरावर पुन्हा खुणा करा.

वाङ्मयी

ज्ञानाच्या रूपकांबद्दल एक भर. 'पाहणे म्हणजे कळणे' हे स्वीट्सर यांनी 1990 साली युरोपीय-भारतीय भाषांच्या आधारे मांडलं. इव्हान्स आणि विल्किन्स यांनी 2000 साली ऑस्ट्रेलियन भाषांत त्या जागी ऐकणं असल्याचं दाखवलं. आपल्याकडे दोन्ही शेजारी नांदतात: तत्त्वज्ञानाला 'दर्शन', विद्वानाला 'बहुश्रुत'. आणि रोजच्या बोलण्यात 'ऐकणे' आज्ञापालनाकडे गेलं: 'तो कुणाचं ऐकत नाही.' एकाच घराण्यातल्या भाषेत हे सगळं असताना भाषाकुळावरून रूपक ठरतं असं म्हणणं धाडसाचं आहे. ग्रंथपरंपरा मौखिक होती की लेखी, ज्ञान कुणाच्या तोंडून मिळत होतं, हेही पाहावं लागतं.

रागाच्या उष्णतेचंही तसंच. शरीर खरंच तापतं, हे एक कारण. पण खीराट्स आणि ग्रोंडेलार्स यांनी 1995 साली दाखवलं की युरोपात शरीरातल्या चार द्रवांच्या जुन्या वैद्यकसिद्धान्ताचाही त्यात वाटा आहे. आपल्याकडे पित्ताचं वैद्यक होतं, आणि 'पित्त खवळलं' हा त्याचाच अवशेष. शरीर एकच असलं तरी वैद्यक एक नव्हतं.

सायली_भा

शेवटचं विचारते. भाषांतर करताना यातलं काय वापरायचं? 'पोटात घालणे' इंग्रजीत कसं न्यायचं?

अन्वय

आधी रूपक जिवंत आहे की रुळलेलं ते ठरवा. मम्मटाची रूढी आणि प्रयोजन इथे थेट कामाला येतात. 'चूक पोटात घाला' हे रुळलेलं आहे, लेखकाला पोट दाखवायचं नाही, म्हणून सरळ 'क्षमा करा' या अर्थाचं वाक्य पुरे. पण त्याच परिच्छेदात पुढे 'पोटात ठेवलेलं ओठांवर आलं' असेल, तर लेखक पोटाची प्रतिमा चालवतो आहे. मग पहिल्याच ठिकाणी शरीराच्या आतल्या जागेची प्रतिमा पेरून ठेवावी लागते. इंग्रजीत गुपित आणि माया छातीत राहतात, तर तिथे छाती चालेल. मात्र मराठीत पोटात मत्सरही दुखतो आणि भीतीचा गोळाही येतो. ही चारही कामं इंग्रजी छाती करणार नाही. म्हणून पूर्ण मजकुरात 'पोट' कुठे कुठे आलं आहे त्याची यादी आधी करा, मगच पहिल्या वाक्याला हात घाला.

चौकटच वेगळी असलेल्या रूपकांना भाषांतरकाराला जास्त वेळ लागतो, हे मँडेलब्लिट यांनी 1995 साली मोजून दाखवलं आहे. कामाचा अंदाज देताना पानं मोजून भागत नाही. अशा जागा किती आहेत ते मोजावं लागतं.